पाणी आरपार, ओढा मेलेला: खाणीखालचा ओढा तपासायचा कसा?

खाम नदीवरच्या भागानंतर तुमच्यापैकी काहींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. आपल्या संभाजीनगरची खाम सुधारू शकते, तर खाणींनी खराब केलेले ओढे का नाही सुधारणार? सुधारू शकतात. पण औषधाआधी आजार कळला पाहिजे, आणि हा आजार खामसारखा नाहीये.

खामचं मुख्य दुखणं सांडपाणी. ते सडताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार माशांसाठी लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. सांडपाण्याच्या नदीत तो खाली जातो, वास येतो, फेस दिसतो, म्हणजे रोग लपत नाही. खाणीखालच्या ओढ्यात हाच आकडा झकास येऊ शकतो. पाणी आरपार, तळ दिसतोय, आणि तरी ओढ्यात जीव नाही. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हेल्थ चेक हिरवा आहे, फक्त अ‍ॅप उघडत नाही.

हे कसं होतं, ते कळायला आधी कोकणात जाऊ. सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात कळणे गाव आहे. तिथे लोहखनिजाची खाण. २९ जुलै २०२१ ला भर पावसात त्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखलाचा लोंढा वस्तीत, शेतांत, बागांत घुसला. बातमीत आपल्याला लोंढा दिसला. पण लोखंडाच्या खाणीखाली असा लाल गाळ थोडा थोडा दर पावसाळ्यात येतच असतो, आणि त्याची बातमी होत नाही.

शेजारच्या गोव्यात हिशोब असा मांडला जातो की एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. त्याचे डोंगर होतात, तिकडे त्यांना डंप म्हणतात. ५ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. ट्रक थांबले. डंप तिथेच राहिले आणि पाऊसही पडतच राहिला. म्हणून 'खाण बंद, आता ओढा आपोआप बरा होईल' हे गृहीत धरू नका.

आता चंद्रपूर. तिथे कोळसा. कोळशाच्या थरांत बऱ्याचदा पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं खनिज. जमिनीखाली ते गुपचूप पडून असतं. खणून उघडं पडलं, हवा आणि पाणी लागलं, की त्यातून गंधकाचं आम्ल तयार होऊ शकतं. सोबतच्या दगडांत चुना असेल तर आम्ल तिथेच मरतं, पण क्षार वाढतात. चुना नसेल तर पाण्याचा पीएच घसरतो, आणि आंबट पाण्यात धातू विरघळतात. पीएचची पट्टी फसवी असते बरं का. ७ वरून ५ म्हणजे 'दोनच अंक' वाटतात, प्रत्यक्षात आम्लता १०० पट. अमेरिकेत ऑगस्ट २०१५ मध्ये गोल्ड किंग या जुन्या खाणीतून असलंच पाणी सुटलं आणि अ‍ॅनिमस नदी नारिंगी झाली. ते फोटो तुम्ही पाहिले असतील.

म्हणजे एकाच 'खाण प्रदूषणा'चे किमान दोन आजार झाले. एकात पाणी बिघडतं, दुसऱ्यात तळ गाडला जातो. पीएच आणि टीडीएसचं मीटर घेऊन गेलात तर पहिला सापडेल. दुसरा सापडणारच नाही. कारण गाळ पाण्यात विरघळत नाही, तो खाली बसतो. जानेवारीत बाटली भरलीत तर रिपोर्ट एकदम सुंदर येईल. गढूळपणा पकडायचा असेल तर पहिल्या मोठ्या पावसात, पाणी चढत असतानाच नमुना घ्यायला हवा.

आणि तळासाठी? वाकायचं, दगड उचलायचा. जिवंत ओढ्यात दगड-गोट्यांच्या मधे फटी असतात. त्यांतून पाणी खेळतं, मासे तिथे अंडी घालतात, किडे तिथेच राहतात. गाळाने फटी बुजल्या की घरंच गेली. दगड किती खोल रुतलाय, हे दहा-वीस ठिकाणी पाहून लिहून ठेवायचं. खर्च शून्य.

मग जाळी. प्रवाहात उभं राहून पायाने तळ ढवळायचा, खालच्या बाजूला जाळी धरायची, आणि जे येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून भिंगाने बघायचं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांची पिल्लं मिळाली तर चांगली खूण, कारण ही मंडळी फार नाजूक. नुसत्या लाल अळ्या आणि गांडुळासारखे किडे मिळाले तर काळजी. केंद्रीय मंडळाची अशा जीवांवर आधारलेली प्रतवारीही आहे. निळा म्हणजे स्वच्छ, लाल म्हणजे अतिप्रदूषित, मधे आणखी तीन रंग. मला ही पद्धत मीटरपेक्षा जास्त पटते. बाटलीतलं पाणी त्या एका मिनिटाचं सांगतं, किडा तिथे काही महिने राहिलेला असतो. तो लॉग फाइल आहे.

पण हे सगळं कशाशी ताडायचं? खाणीच्या वरच्या बाजूचा तोच ओढा, किंवा शेजारचा, तसल्याच खडकातला पण खाण नसलेला ओढा. हे फार महत्त्वाचं. कोकणात जांभा दगड आहे, लोखंड मुळातच भरपूर. तिथे तांबूस झरा दिसला म्हणजे प्रदूषणच, असं नाही. पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने ढवळा. काचेसारखे तुकडे झाले तर ते लोहजिवाणूंचं काम. लगेच पुन्हा जुळून आला तर तेल.

एवढी तपासणी कशासाठी? कारण आपल्याकडे 'पुनरुज्जीवन' म्हटलं की पहिला जेसीबी येतो. मराठवाड्यात नाला खोलीकरण पाहिलेल्यांना हे सांगायला नको. खाणीखालच्या ओढ्यात जेसीबी घातला की गाळाबरोबर उरलासुरला जिवंत तळही निघून जातो, आणि वरचा डंप मोकळाच असेल तर पुढच्या पावसाळ्यात नवा गाळ हजर. आधी डंपला पायऱ्या पाडून उतार कमी करायचा, त्यावर स्थानिक गवत-झुडपं धरवायची, गाळ बसायला खड्डे करून ते दरवर्षी उपसायचे. ओढ्याला हात त्यानंतर. आम्लाचं पाणी असेल तर चुनखडीच्या चरातून ते सोडतात, पण पाण्यात लोखंड जास्त असलं की चुनखडीवर गंजाचा थर चढतो आणि ती काम करेनाशी होते. म्हणजे तिथेही आधी लोखंड किती, ते मोजावंच लागतं.

खाणीला परवानगी देताना 'आधीची परिस्थिती' नोंदवलेली असते, आणि पर्यावरण परिणाम अहवालाचा तो भाग सार्वजनिक असतो. तुमच्या गावाजवळ खाण असेल तर तो मिळवा. त्यात ओढ्याच्या तळाबद्दल आणि त्यातल्या जीवांबद्दल किती ओळी आहेत, ते मोजा आणि मला कळवा. पुढच्या भागात आपण त्याच ओळी वाचू.