अडीचशे वॅट आणि जांभ्याची चढण

रत्नागिरीहून पावसला निघालं की भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत सायकल कुणालाही चालवता येते. उजव्या हाताला समुद्र, सुरूचं बन, अंगावर वारा. मग रस्ता समुद्राकडे पाठ फिरवतो आणि सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढायला लागतो. पहिल्या वळणाला श्वास फुलतो, दुसऱ्या वळणाला गिअर संपतात, आणि तिसऱ्याच्या आधी माणूस खाली उतरून सायकल ढकलू लागतो. रत्नागिरीत घेतलेली सायकल बरेचदा पडवीतच गंजते, याचं मोठं कारण ही चढण आहे. गाव खाडीकाठी, बाग उतारावर, शाळा सड्यावर. कुठेही जायचं म्हटलं तरी एक चढ आणि एक उतार ठरलेला.

बॅटरीच्या सायकलीने नेमकं याच चढणीवर बोट ठेवलं आहे. पायडल मारायला सुरुवात केली की मागच्या चाकातून बारीक गुणगुण ऐकू येते आणि कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय असं वाटतं. पंचवीस ते पन्नास हजार रुपयांच्या दरम्यान आता बऱ्यापैकी सायकली मिळतात. पुण्याची ईमोटोराड, हिरो सायकल्सची हिरो लेक्ट्रो, टाटा समूहातली स्ट्रायडर ही त्यातली ठळक नावं. जाहिरातीत त्या डोंगरातून, वाळूतून, ओढ्यातून धावताना दिसतात. चित्र मोहक आहे. पण कोकणातल्या कच्च्या वाटेवर चालवायला सायकल घ्यायची, तर ते चित्र बाजूला ठेवून तीन गोष्टी तपासाव्या लागतात : चढण, खारा वारा आणि पाऊस.

त्याआधी एक घोळ मिटवायला हवा. मराठीत बाइक म्हणजे मोटरसायकल. त्यामुळे दुकानात ‘इलेक्ट्रिक बाइक दाखवा’ म्हटलं की कुणी नंबरप्लेटवाली स्कूटर पुढे करतं, तर कुणी पायडलवाली सायकल. कायद्याच्या लेखी या दोन्ही वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटं टिकणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती सायकलच. तिला नोंदणी लागत नाही, चालवायला लायसन्स लागत नाही. युरोपातही मर्यादा जवळपास हीच आहे. पायडलला मोटरची साथ देणारी सायकल १९९३ साली जपानमध्ये यामाहाने पहिल्यांदा बाजारात आणली, तेव्हाही कल्पना हीच होती की कष्ट माणसाने करावेत आणि यंत्राने हातभार लावावा.

ऑनलाइन बाजारात मात्र ५०० आणि ७५० वॅटच्या मोटरी सर्रास मिळतात. ‘स्पीड अनलॉक करून देतो’ असं सांगणारेही भेटतात. ही मर्यादा ओलांडली की ती सायकल कायद्याने मोटार वाहन होते, आणि नोंदणी, विमा, लायसन्स सगळं मागे लागतं. उद्या एखाद्या वळणावर कुणाला धक्का लागला, तर बिनविम्याचं, बिननोंदणीचं वाहन चालवल्याचा ठपका चालवणाऱ्यावर येईल. हा सौदा स्वस्तात पडणारा नाही.

आता चढणीचा हिशेब. ७० किलोचा माणूस आणि २५ किलोची सायकल मिळून ९५ किलो वजन १०० मीटर वर न्यायला साधारण २६ वॅट-तास ऊर्जा लागते. मोटर आणि कंट्रोलरमध्ये काही वाया जाते, तेव्हा बॅटरीतून ३५ ते ४० वॅट-तास निघतात. मध्यम किमतीच्या सायकलीत बरेचदा ३६ व्होल्ट, १०.४ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकार केला तर ३७४ वॅट-तास. म्हणजे सारा भार मोटरवर टाकून केलेली १०० मीटरची एक चढाई बॅटरीचा दहावा हिस्सा खाते. कोकणातला रस्ता एकदा चढून थांबत नाही. खाडी, सडा, पुन्हा खाडी, पुन्हा सडा असा तो चालतो. चार वेळा सडा गाठला की चाळीस टक्के बॅटरी नुसत्या चढणीत गेली.

म्हणूनच खोक्यावर छापलेले साठ-सत्तर किलोमीटर इथे धरून चालू नयेत. ते आकडे सपाट रस्ता, हलका चालक आणि सर्वांत कमी मदत अशा गणितातून येतात. पाय न हलवता नुसत्या थ्रॉटलवर गेलं, तर वरच्या बॅटरीत वीस-पंचवीस किलोमीटर पदरात पडतात; मनापासून पायडल मारलं, तर पस्तीस-चाळीस. पावसला जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर होतात. पाय चालवणारा माणूस घरी पोचेल. थ्रॉटलवर विसंबलेल्याला परतीच्या सड्यावर २५ किलोचं लोखंड ढकलावं लागेल, आणि ते साध्या सायकलीपेक्षा आठ-दहा किलोंनी जड असतं.

वेगाचंही तसंच. १०० मीटर जाताना आठ मीटर वर चढणाऱ्या रस्त्यावर २५० वॅटची मोटर एकटी फार तर ताशी दहाच्या आसपास नेते. चालकाने स्वतःचे शंभर वॅट घातले की तेरा-चौदापर्यंत जाते. स्वस्त सायकलीत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. ती फार हळू फिरू लागली की ऊर्जा चाकाला कमी आणि उष्णतेत जास्त जाते. पायांनी तिला हात दिला नाही, तर ती चढावर कण्हते, तापते आणि शेवटी थांबते. मोटर पायडलपाशी असलेल्या सायकली गिअरचा फायदा घेतात, त्यामुळे चढावर त्या फार सरस. पण त्यांच्या किमती वर सांगितलेल्या पंचवीस-पन्नास हजारांच्या पलीकडच्या आहेत.

तेव्हा हबमोटरच घ्यायची तर सात गिअरवालीच घ्यावी, एक गिअरची घेऊ नये. सेन्सर कोणता आहे तेही विचारावं. बहुतेक स्वस्त सायकलींतला सेन्सर पायडल फिरतंय की नाही एवढंच पाहतो. त्यामुळे दगडगोट्यांतून निघताना मदत अर्धा फेरा उशिरा येते आणि आली की हिसका देऊन येते. डांबरी रस्त्यावर हे जाणवतही नाही, पण पाणंदीत गडग्याला खेटून वळताना चांगलंच जाणवतं. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर मिळाला, तर चार पैसे जास्त मोजावेत.

जाड टायरचा मोह सर्वांना पडतो. चार इंची टायर दिसायला दणकट, आणि हवा कमी केली की वाळूत रुतत नाही हेही खरं. पण तो जड असतो, डांबरावर ओढ देतो आणि २५० वॅटच्या मोटरची दमछाक करतो. लाल मातीची वाट, खडी, जांभ्याचा खरखरीत कातळ यांवर सव्वादोन इंचांच्या आसपासचा, चांगल्या नक्षीचा टायर पुरतो. पाखाडीच्या पायऱ्या आल्या की सायकल उचलावीच लागते, तेव्हा तीस किलो आणि बावीस किलो यांतला फरक खांद्याला कळतो. काही सायकलींत उतरून चालताना मोटर हळूहळू पुढे नेणारी सोय असते. पाखाडीच्या गावात तिचं मोल मोठं आहे.

ब्रेक दोन्ही चाकांना डिस्कचे हवेत, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद व्हायला हवी. दुकानात सायकल स्टँडवर चढवून, चाक फिरतं ठेवून हे पाहता येतं. उतारावर बॅटरी आपोआप चार्ज होते, असं विक्रेते सहज सांगून जातात. गिअरवाल्या हबमोटरमध्ये सुटा फिरणारा क्लच असतो, उतारावर मोटर फिरतच नाही, मग ती वीज कुठून करणार? या किमतीच्या बहुतेक सायकलींत अशीच मोटर असते.

आता पंक्चर. करवंदीचा काटा टायरमध्ये शिरला आणि सायकल गावच्या दुकानात नेली की कारागीर मागच्या चाकाकडे बघून आधी हात आखडता घेतो. साध्या चाकासारखं ते झटकन निघत नाही. आसाच्या एका टोकातून जाड केबल बाहेर येते, तिचा जोड सरळ ओढून सोडवावा लागतो. पिळला तर आतल्या बारीक पिना वाकतात. मग दोन्ही बाजूंचे नट, बहुधा अठराच्या पान्याचे. त्यांच्या आत खाच असलेला वॉशर असतो, तो आसाला गरकन फिरू देत नाही. बसवताना तो उलटा पडला किंवा नट सैल राहिला, तर चढावर मोटरने जोर लावताच आस फिरतो आणि केबल पिळून तुटते. पण अनुभवी हात चाक काढतच नाहीत. सायकल उलटी करायची, टायरची एक कड उचलायची, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढायचा, घासून पॅच मारायचा आणि परत आत सारायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. हे एकदा शेजारी बसून शिकून घ्यावं, आणि अठराचा पाना कायम पिशवीत असावा.

रत्नागिरीचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो. सायकलीच्या माहितीपत्रकात ‘आयपी’ असं लिहून पुढे अक्षर किंवा आकडे असतात. आयपीएक्स ४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारी, आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा झेलणारी, आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारी. यातली कोणतीही खूण मिठासाठी नाही. खाडीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या सायकलीच्या जोडांवर हिरवट थर चढतो, नट गंजतात, चेन कुरकुरते. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, चेनला तेल द्यायचं. वॉशिंग सेंटरच्या पाइपाखाली मात्र तिला कधी धरू नये, कारण जोराचं पाणी हबच्या सीलमधून आत शिरतं. भरलेला व्हाळही सायकलीवर बसून ओलांडू नये. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथे टायरची नक्षी कामी येत नाही.

बॅटरी हा या सायकलीतला सर्वांत महागडा आणि सर्वांत नाजूक भाग. शिशाच्या बॅटरीवाली स्वस्त सायकल टाळलेलीच बरी. वजनानेच ती चढाला हरते. लिथियमची बॅटरी पाचशे-आठशे वेळा चार्ज केल्यावर हळूहळू उतरते. उन्हात तापून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये, थंड होऊ द्यावी. पावसात महिनाभर सायकल ठेवून द्यायची असेल, तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवावी. चार्जर तिच्याच जोडीचा असावा. विजेचा खर्च किरकोळ आहे : एका चार्जला अर्ध्या युनिटच्या आत, म्हणजे दहा रुपये युनिट धरलं तरी पाच रुपये.

ऑनलाइन घेण्यातली खरी अडचण वॉरंटीच्या वेळी कळते. लिथियम बॅटरी वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालात मोडते, त्यामुळे बिघडलेली बॅटरी साध्या कुरिअरने परत पाठवता येत नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर रत्नागिरीत आहे की कोल्हापूर-पुण्यात, आणि बॅटरी न्यायची जबाबदारी कुणाची, हे पैसे देण्याआधी लेखी विचारावं. आणि दुकान गावातलं असेल, तर सपाट गल्लीत चक्कर मारून निर्णय घेऊ नये. रत्नदुर्ग किल्ल्याची चढण आहे, तिथे न्यावी.

सायकल आली, आता फिरायचं कुठे? पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून सडे मोकळे होतात, गवत पिवळं पडतं आणि बैलगाडीच्या जुन्या वाटा दिसू लागतात. गोळपच्या सड्यासारखी पसरट माळरानं पाहिली की सायकल वाट सोडून कुठेही घालावीशी वाटते. तिथेच थांबायला हवं. हा कातळ ओसाड दिसतो, पण तसा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा गावांच्या सड्यांवर जमिनीतच कोरलेली कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारून ती शोधली. कशेळीचा हत्ती तर सुमारे अठरा मीटर लांब आहे, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. २०२२ साली कोकणातल्या या शिल्पस्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला.

भिंतीवरचं चित्र चाकाखाली येत नाही, पण कातळशिल्प येतं. रेषा बोट-दोन बोटं खोल, त्यात माती आणि गवत. माथ्यावरच्या उन्हात समोर असूनही ती दिसत नाही. अजून न सापडलेली शिल्पं किती असतील, कुणी सांगावं! म्हणून सड्यावर मळलेली वाट सोडू नये, एवढा नेम प्रत्येक सायकलवाल्याने पाळायलाच हवा. वाळूलाही असाच एक नेम आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडीच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. त्या दिवसांत अंधार पडल्यावर दिवा लावून किनाऱ्यावर सायकल नेऊ नये, आणि दिवसाही भरतीरेषेच्या वर, जिथे घरटी असतात तिथे चाक घालू नये. आंब्याच्या बागेतली वाट बागवाल्याची असते, ती विचारून वापरावी.

उक्षीला जायचं तर रत्नागिरीहून पहाटे निघावं. चढ येतील तेव्हा मोटरची मदत दोन नंबरवर, सपाटीला एकवर, उताराला बंद. गावकऱ्यांनी तिथल्या हत्तीभोवती जांभ्याचा कठडा घालून त्याला जपलं आहे. सायकल रस्त्याच्या कडेला लावायची, बॅटरीची किल्ली काढून खिशात टाकायची आणि पुढचं अंतर पायी जायचं. सकाळी नऊच्या आत पोचलं, तर ऊन अजून तिरपं असतं, कोरलेल्या रेषांत सावली भरलेली असते, आणि सोंडेपासून पायांपर्यंत सगळा हत्ती लख्ख दिसतो.