मालाची गाडी आणि दंडाचे चलान

बाजारपेठेत टेम्पो उभा राहतो तो हौसेने नव्हे. बर्फाच्या लाद्या, मासळीच्या पाट्या, वाण्याची पोती ही काही आपल्या पायांनी दुकानात शिरत नाहीत. माल उतरायचा म्हणजे गाडी थांबणारच, आणि ही गोष्ट कायद्यालाही ठाऊक आहे. १९५१ चा पोलीस कायदा घ्या. तो तेव्हा मुंबईचा होता, आज महाराष्ट्राचा म्हणवतो. त्याचे १०२ वे कलम रस्त्यात अडथळा करू नये असे सांगते खरे. पण मालाच्या गाडीविषयी त्याची भाषा अशी की, चढउतारासाठी लागतो त्याहून अधिक वेळ ती उभी ठेवू नये. लागतो तितका वेळ किती, हे हमालाला विचारावे. पोलिसाने काढलेले छायाचित्र एका क्षणाचे असते. त्या क्षणी हमाल पोते घेऊन आत गेलेला असला, तर चित्रात दिसते ती नुसती रिकामी उभी गाडी! भांडण आहे ते एवढ्याच गोष्टीचे.

अलिबागेस काय, पेणला काय, लोक या दंडाला 'पालिकेचा दंड' म्हणतात आणि नगरपरिषदेच्या पायऱ्या झिजवतात. हा हेलपाटा फुकट आहे. चलान फाडतात वाहतूक पोलीस, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली. अडथळा होईल अशी गाडी उभी करणे हा १२२ व्या कलमाचा विषय. गाड्या कोठे उभ्या राहाव्यात हे ठरवण्याचा अधिकार ११७ व्या कलमाने राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे. स्थानिक संस्थेशी फक्त विचारविनिमय करायचा. तेव्हा 'फक्त माल चढउतारासाठी' ही पाटी कोणत्या आदेशाने लागली, तिच्यावर वेळेची मर्यादा आहे काय, हे त्या आदेशाच्या नकलेवरून कळते. माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे.

दंड १७७ व्या कलमाखाली पहिल्या खेपेस ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या खेपांना १५०० पर्यंत. पहिला मुकाट्याने भरण्यापूर्वी दुसरा आकडा ध्यानात घ्यावा. २०० व्या कलमाप्रमाणे पैसे भरले की प्रकरण मिटते, आणि दाद मागण्याची वाटही तेथेच बुजते. म्हणून आधी महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवावी. कॅमेऱ्यावरून निघालेले चलान असेल, तर २०२१ पासून केंद्रीय नियम १६७अ असे सांगतो की, सूचना १५ दिवसांत पाठवावी आणि निकाल लागेपर्यंत पुरावा जपून ठेवावा. तेव्हा छायाचित्र मागावे, त्यावरची वेळ पाहावी. लोकअदालतीत रक्कम कमी होते, हे खरे. पण ती तडजोड असते, तिच्यावर अपील नाही. मी दोषी नाही असे ज्याला म्हणायचे आहे त्याने न्यायदंडाधिकाऱ्यापुढे गुन्हा नाकबूल करावा. मग सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर पडते.

आणि पुरावा कोणता? आपल्या धंद्यात मालाच्या कागदालाही चलानच म्हणतात, ही मोठी गंमत आहे. दुकानदाराची सही आणि वेळ असलेले मालाचे चलान हेच पोलिसाच्या चलानाला उत्तर होय. सहीखाली वेळ घालून घ्या, एवढे मी प्रत्येक ड्रायव्हरला सांगत असतो. अर्थात माल उतरवून झाल्यावर तेथेच गाडी ठेवून चहाला गेलात, तर माझ्याकडे येऊ नका. शनिवार-रविवारी या जागेवर आपली मोटार लावून किनाऱ्यावर जाणाऱ्या पाहुण्यांबद्दलही मला काडीची सहानुभूती नाही. त्यांच्यामुळेच टेम्पो भर रस्त्यात उभा राहतो.

पाचशे रुपयांसाठी कोर्टात दिवस घालवणे एकट्या ड्रायव्हरला परवडत नाही. रोजगार बुडतो तो निराळाच. म्हणून पाच-दहा जणांनी आपली कागदपत्रे एकत्र करून एकच वकील द्यावा. चलान बहुधा गाडीच्या मालकाच्या नावे येते आणि मालक ते पगारातून कापून मोकळा होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे कामगाराला आपली बाजू मांडू दिल्यावाचून त्याला दंड करता येत नाही, की नुकसानीपोटी काही कापता येत नाही. दंड म्हटला तर एका वेतनकाळात तो वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. मालकाने कापलेच, तर कशापोटी कापले ते त्याच्याकडून लेखी मागून घ्यावे.