संगणकातला वीर कसा घडतो?

सापशिडीचे तीन फासे जमवा. ते एकदम टाका आणि वरच्या ठिपक्यांची बेरीज करा. ती ३ ते १८ यांच्या दरम्यान असेल. समजा, ही बेरीज म्हणजे तुमची शक्ती! पुन्हा फासे टाका. आता आलेली बेरीज म्हणजे तुमची बुद्धी!

‘हा काय न्याय झाला?’ असे तुम्ही म्हणाल. पण याच नियमावर एक प्रसिद्ध खेळ उभा राहिला. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक वीराची भूमिका घेतो. शक्ती, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे सहा गुण वीराला असतात. मूळ नियमांत प्रत्येक गुण तीन फाशांनी ठरत असे. पुढे संगणकावर असे अनेक खेळ आले आणि वीर घडवण्याच्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या. त्यांतल्या तीन आपण ताडून पाहू.

पहिली पद्धत नशिबाची. तीन फासे एकूण ६ × ६ × ६ म्हणजे २१६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी १८ ही बेरीज एकाच प्रकाराने येते; तिन्ही फाशांवर ६ हवेत. पण १० ही बेरीज २७ प्रकारांनी येते, आणि ११ सुद्धा २७ प्रकारांनीच. म्हणून मध्यम वीर पुष्कळ निपजतात, असामान्य वीर विरळा. याचा आलेख काढला तर मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती अशी टेकडी दिसते. शाळेतल्या एका वयाच्या पुष्कळ मुलांच्या उंचीचा आलेखही साधारण असाच येतो.

आता गंमत पाहा. १९९८ सालच्या ‘बॉल्डर्स गेट’ या संगणक-खेळात फासे पुन्हा टाकण्यासाठी एक बटण होते. ते कितीही वेळा दाबण्याची मुभा होती. मग काय, मनाजोगा वीर मिळेपर्यंत खेळाडू बटण दाबत बसत! तरी यालाही मर्यादा आहे. आपल्या तीन फाशांनी सहाही गुण १८ येण्याची शक्यता १०१ लाख कोटींहून अधिक प्रकारांत एक आहे. दर सेकंदाला एक डाव टाकला, तर असा वीर मिळायला सरासरी सुमारे ३२ लाख वर्षे लागतील.

दुसरी पद्धत हिशेबाची. १९९७ सालच्या ‘फॉलआउट’ या खेळात फासे टाकून गुण ठरत नाहीत. वीराला सात गुण असतात. प्रत्येक गुण ५ पासून सुरू होतो आणि १ ते १० पर्यंत बदलता येतो. वाटायला आणखी ५ गुणांक मिळतात. म्हणजे सर्वांची बेरीज ४०. शक्ती ५ वरून १० केलीत, तर जादा गुणांक संपले. याहून जास्त हवे असेल, तर दुसरीकडे कपात करा. बुद्धीत फार कपात केलीत, तर तुमच्या वीराला धड बोलताही येत नाही! आणखी एक मौज म्हणजे, सात गुणांपैकी एक आहे ‘नशीब’. तेही इथे हिशेबानेच घ्यावे लागते.

तिसरी पद्धत सरावाची. २००२ सालच्या ‘मॉरोविंड’ या खेळात जे कौशल्य वापराल ते वाढते. तलवार चालवा, तलवार सुधारते. उड्या मारा, उडी सुधारते. ही पद्धत खऱ्या आयुष्याच्या जवळची वाटते, नाही का? पण खेळाडूंनी काय केले? उडीचा आकडा वाढावा म्हणून ते वाटेने नुसते उड्या मारत निघाले! याच मालिकेतल्या ‘स्कायरिम’ या २०११ सालच्या खेळात स्वस्तातल्या लोखंडी सुऱ्यांचे ढीग घडवून कित्येक वीर निष्णात लोहार झाले. पुढे खेळ बनवणाऱ्यांना नियम सुधारावा लागला. वस्तू जितकी मोलाची, तितकी प्रगती अधिक, असे त्यांनी ठरवले.

असे का बरे झाले? माणसाच्या अंगचा गुण आकड्यात मांडणे म्हणजे त्याची एक प्रतिकृती तयार करणे. प्रतिकृतीत काही गोष्टी येतात, काही सुटतात. पहिल्या पद्धतीत मेहनत सुटली, दुसरीत नशिबाची लहर सुटली. तिसरीत सराव आला, पण तो समजून केला की नुसता उरकला, हे मोजायचे राहिले. आकडा वाढवणे हाच हेतू झाला की तो आकडा खरे कौशल्य दाखवीनासा होतो. न समजता उत्तरे पाठ करून मिळवलेल्या गुणांचेही असेच नाही का?

आता तुम्ही एक प्रयोग करा. तीन फासे शंभर वेळा टाका, बेरजा लिहा आणि आलेख काढा. टेकडी दिसते का पाहा. मग मित्रांबरोबर बसून वीर घडवण्याची स्वतःची पद्धत तयार करा. ती दुसऱ्या कोणाला खेळायला द्या आणि तुमच्या नियमातली पळवाट तो किती वेळात शोधतो, ते घड्याळ लावून मोजा!