टॅलीला एक्सएमएल पाठवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बदलापूर पूर्वेचं शिरगाव काय किंवा अंबरनाथची आनंदनगर एमआयडीसी काय, छोट्या उद्योगाचा हिशेब बहुधा टॅलीत असतो आणि ऑर्डरी एक्सेलमध्ये. त्या ऑर्डरींची बिलं मग कुणीतरी बसून टॅलीत पुन्हा टाइप करतं. खरं तर टॅली एचटीटीपीवरून, सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, एक्सएमएल विनंती स्वीकारतं. एक्सेलची एकेक ओळ वाचून अशी विनंती तयार करणारी लहानशी स्क्रिप्ट हे काम करू शकते. ती लिहिली जात नाही किंवा मध्येच अडते, याला काही समजुती कारणीभूत आहेत.

एक्सएमएल कालबाह्य झालं, ही त्यातली पहिली. त्याचं मानक १९९८ सालचं आहे आणि जीएसटीचं ई-इनव्हॉइस जेसनमध्ये जातं, हे खरं. पण २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयचे बँका आणि एनपीसीआय यांच्यातले संदेश एक्सएमएलमध्येच रचलेले आहेत. बदलापूर स्टेशनबाहेर क्यूआर स्कॅन करून वडापावचे पैसे दिले, तरी मागे टॅगच धावतात.

सगळ्यात महागात पडणारी समजूत वेगळी: तयार साच्यात नाव आणि रक्कम चिकटवली की विनंती झाली. दहा बिलं सुरळीत जातात. अकराव्या ग्राहकाच्या नावात ‘&’ येतं आणि विनंती फुटते, कारण एक्सएमएलमध्ये ‘&’ आणि ‘<’ यांना स्वतःचा अर्थ आहे. असा मजकूर सदोष धरून वाचन थांबवायचं, असं मानकच सांगतं. व्यापारी नावांत तर हे चिन्ह सर्रास असतं. मग घाईत अशा चिन्हांच्या जागी त्यांचे संकेत (तेही याच चिन्हाने सुरू होतात) टाकायला ‘शोधा आणि बदला’ होतं. त्यात ‘<’ आधी बदलला आणि ‘&’ नंतर, तर पहिल्या बदलातून आलेला ‘&’ पुन्हा बदलला जातो.

म्हणून मजकूर जोडायचा नाही, रचना बांधायची. पायथॉनमध्ये २००६ च्या २.५ आवृत्तीपासून एलिमेंटट्री ही लायब्ररी सोबतच मिळते. घटक तयार करा, त्यात नाव जसंच्या तसं ठेवा. चिन्हांची काळजी ती घेते.

मराठी नावं चालत नाहीत, हाही समज चुकीचा. एक्सएमएल युनिकोडवरच उभं आहे. गफलत लांबी मोजताना होते. ‘शिरगाव’मध्ये युनिकोडची सहा चिन्हं आहेत, पण यूटीएफ-८ मध्ये त्यांचे बाइट १८ होतात. विनंतीच्या शीर्षात लांबी म्हणून सहा लिहिलं, तर शब्द अर्ध्यातच तुटतो.

आणि सर्व्हरकडून एचटीटीपीचा २०० हा कोड आला म्हणजे बिल चढलं, असं नव्हे. तो फक्त निरोप पोचल्याचं सांगतो. किती नोंदी तयार झाल्या, किती बदलल्या, किती चुकल्या, हे टॅली उत्तराच्या एक्सएमएलमध्ये देतं. लेजरचं नाव जुळलं नाही, तर कारणही तिथेच मिळतं. स्क्रिप्टने ते आकडे वाचून प्रत्येक बिलासमोर नोंदवायला हवेत. तारीख ०१/०४/२०२५ नव्हे, २०२५०४०१ अशी द्यावी, आणि पहिल्या फेऱ्या टॅलीत वेगळी चाचणी-कंपनी उघडून तिच्यावरच घ्याव्यात.