पुढचा फोर्क किती खाली?

पुण्यातील बालेवाडी क्रीडा संकुलात 28 जानेवारी 2024 रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीच्या अशा ट्रॅकसाठी बाइकची उंची आधी मागून लावतात. चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून मडगार्डपर्यंतचे अंतर मोजायचे, मग हेल्मेट-बुटांसह स्वार बसवून पुन्हा मोजायचे. फरक साधारण 100 मि.मी. हवा. पुढचे काम त्यानंतर, आणि खरी नजाकत तिथेच आहे. फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमध्ये 5 मि.मी. वर सरकवल्या, की पुढचा भाग जवळपास तेवढाच खाली येतो; बाइक वळणात चटकन शिरते, पण वेगात सरळ जाताना हँडल थरथरू शकते. म्हणून एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच बदला. दोन्ही नळ्या समान आहेत ना, हे पट्टी लावूनच तपासा.