गवतकापणी यंत्राचे इंजिन बदलताना

मोठ्या फळबागा, महाविद्यालयांची मैदाने व विस्तीर्ण आवारे येथील गवत कापण्यासाठी बसून चालवावयाची यंत्रे वापरली जातात. अशा काही यंत्रांत कार्बुरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन पद्धतीचे इंजिन असते. ते निकामी झाले आणि त्याच बनावटीचे इंजिन महाग पडू लागले किंवा वेळेवर मिळेनासे झाले, म्हणजे साधे कार्बुरेटरचे इंजिन बसविण्याचा विचार पुढे येतो. हा बदल करता येतो. मात्र केवळ अश्वशक्ती पाहून आणलेले इंजिन यंत्रास जुळेलच असे नाही, आणि वायरींची जोडणी चुकल्यास चालकाच्या जिवास धोका पोहोचतो.

प्रथम दोष शोधावा

इंजिन सुरू होत नाही याचा अर्थ ते झिजले आहे असा नव्हे. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनास पुरेसा विद्युत्‌दाब लागतो. उतरलेली बॅटरी, गंजलेली अर्थची जोडणी, जळालेला फ्यूज, बिघडलेला रिले किंवा बंद पडलेला इंधनपंप यांपैकी एकाही कारणाने चांगले इंजिन मुके होते. याउलट निळसर धूर, तेलाचा अतिरिक्त खप, आतून येणारा ठोक्याचा आवाज अथवा तेलात धातूचे कण ही आतील झिजेची लक्षणे होत. ही लक्षणे नसल्यास इंजिन बदलण्याची घाई करू नये.

मापे जुळवावीत

नवे इंजिन घेण्यापूर्वी जुन्या इंजिनाची पुढील मापे कागदावर लिहून घ्यावीत :

१. शाफ्ट उभा आहे की आडवा. त्याचा व्यास, लांबी आणि चावीच्या खाचेची रुंदी. १ इंच व १ १/८ इंच हे दोन्ही व्यास प्रचारात असल्याने नजरेवर विसंबू नये.
२. बोल्टच्या छिद्रांतील अंतर.
३. शाफ्ट फिरण्याची दिशा.
४. कप्पीची उंची. ती बदलल्यास पट्टा तिरका चालतो व लवकर झिजतो.
५. सायलेन्सर व थंड हवेच्या मार्गासाठी असलेली जागा.

मूळ इंजिनाहून फार मोठ्या शक्तीचे इंजिन बसवू नये. पट्टे, पात्यांचे बेअरिंग व चाकांकडे शक्ती नेणारी यंत्रणा मूळ शक्तीच्याच हिशेबाने बनविलेली असते. वेगाचेही तसेच आहे. या इंजिनांचा कमाल वेग साधारणतः मिनिटास ३६०० फेऱ्यांच्या आसपास ठेवलेला असतो. गव्हर्नरशी छेडछाड करून तो वाढविल्यास पाते तुटून दूरवर फेकले जाण्याचे भय असते.

इंधनाचा दाब

फ्युएल इंजेक्शनमध्ये विजेवर चालणारा पंप पेट्रोल मोठ्या दाबाने पुरवितो. काही प्रचलित इंजिनांत हा दाब चौरस इंचास सुमारे ४० पौंड असतो. कार्बुरेटरची सुई इतका दाब रोखू शकत नाही. पेट्रोल उतू जाते आणि आगीचा संभव निर्माण होतो. म्हणून जुना पंप त्याच्या विद्युत्‌जोडणीसह काढून टाकावा व कार्बुरेटरसाठी असलेला कमी दाबाचा पंप बसवावा. नळी सोडविण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार काढावी आणि नळीतील दाब उतरवावा.

भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. पुष्कळ लहान इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते. तेव्हा खरेदीपूर्वी इंजिनाची माहितीपुस्तिका पाहावी व यंत्र दीर्घकाळ उभे राहणार असल्यास टाकी रिकामी करावी.

वायरी व सुरक्षा स्विच

येथेच सर्वांत घातक चूक होते. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात नियंत्रक पेटीस बॅटरीची वीज पुरवावी लागते. ती तोडली की इंजिन थांबते. कार्बुरेटरच्या बहुतेक लहान इंजिनांत मॅग्नेटो असतो. त्याची बंद करण्याची वायर अर्थला जोडली असता इंजिन थांबते. म्हणजे दोहोंची रीत उलट आहे. जुनी विजेची वायर तशीच मॅग्नेटोला जोडल्यास त्याची कॉइल जळते.

या अडचणीतून सुटण्यासाठी काही कारागीर आसनाखालील स्विच वगळून टाकतात. असे कदापि करू देऊ नये. चालक आसनावरून घसरला असता फिरती पाती थांबविणारा हाच स्विच होय. इंजेक्शनच्या व मॅग्नेटोच्या, अशा दोन्ही जोडण्या जाणणाऱ्या कारागिराकडून रिले बसवून स्विचचे काम पूर्ववत करून घ्यावे. पात्यांचा क्लच विजेवर चालत असल्यास नव्या इंजिनाची बॅटरी भरण्याची क्षमता पुरेशी आहे हेही पाहावे.

काम संपल्यावर

नवे इंजिन बहुधा तेलाविना येते. तेल भरल्याशिवाय ते फिरवू नये. नंतर यंत्र सपाट, मोकळ्या जागी उभे करून हातब्रेक लावावा. पाती सुरू असताना चालकाने पाय फळीवरच ठेवून आसनावरून किंचित उठावे. पाती काही सेकंदांत थांबली पाहिजेत. ती थांबली नाहीत तर यंत्र कामास लावू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी आणि त्यानंतरच कारागिराचा हिशेब चुकता करण्याचा सल्ला मालकास द्यावा.