विश्लेषण : पाऊल रुंद असेल तर बाइकचे बूट कसे निवडावेत? ‘एक नंबर मोठा’ घेणे धोक्याचे का?

हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड अशी तयारी करून घाटात निघणारे दुचाकीस्वार आता शनिवार-रविवारी सर्रास दिसतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या पायांत मात्र साधे स्पोर्ट्स शूज असतात. रायडिंग बूट महाग असतात हे एक कारण. पण ज्यांचे पाऊल रुंद आहे, त्यांची तक्रार वेगळीच असते. घेतलेले बूट करंगळीला चावतात, तासाभरात चवडा बधिर होतो आणि चार-सहा फेऱ्यांनंतर बुटांचा जोड कपाटात जाऊन पडतो. काही जण त्यावर एक-दोन नंबर मोठे बूट घेण्याचा उपाय करतात. तो सोयीचा वाटला तरी बुटाचे संरक्षण त्यामुळे कमी होते. असे का होते आणि रुंद पावलांसाठी योग्य बूट कसे निवडावेत?

पावलाला वेगळे संरक्षण कशासाठी?

दुचाकी आडवी पडते तेव्हा पाय अनेकदा गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये सापडतो. १५० ते २०० किलो वजनाची गाडी अंगावर आली की अशा गोष्टी घडू शकतात : पाऊल चिरडणे, घोटा पिरगळणे, डांबरावर घासून कातडी सोलवटणे किंवा गरम सायलेन्सरचा चटका बसणे. एका पावलात २६ हाडे असतात आणि त्यांतली बरीचशी लहान व नाजूक असतात. ती नीट जुळून आली नाहीत तर चालण्याची ढब कायमची बदलू शकते.

ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास झाला होता; तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आत संरक्षक कवच असलेले बूट घातलेल्यांमध्ये पाऊल व घोट्याच्या दुखापतीचा धोका ४६ टक्क्यांनी कमी आढळला. खास मोटरसायकलसाठी नसलेल्या उंच बुटांचाही साध्या शूजच्या तुलनेत लक्षणीय फायदा दिसला.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचे आहे. पादत्राणांबाबत तशी सक्ती नाही. चपला घालून गाडी चालवल्यास दंड होतो, ही अफवा असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले होते. म्हणजे पायाची काळजी घ्यायची की नाही, हे पूर्णपणे चालवणाऱ्यावरच सोपवलेले आहे.

रुंद पावलांची नेमकी अडचण काय?

प्रत्येक बूट पावलाच्या आकाराच्या एका साच्यावर घडवला जातो. कारखान्यात त्याला ‘लास्ट’ म्हणतात. जुने कारागीर कलबूत म्हणत. बूट कुठे रुंद, कुठे निमुळता आणि कुठे उंच असेल, हे साचा ठरवतो. मोटरसायकलच्या बुटांची जगातली मोठी बाजारपेठ इटलीतल्या उत्पादकांकडे आहे. व्हेनेटो प्रांतातल्या मॉन्टेबेलुना आणि आसोलो परिसरात हा उद्योग एकवटलेला आहे. तिथले साचे युरोपीय पावलांच्या मापांवर बेतलेले असतात आणि वेगवान गाड्यांचे बूट तर मुद्दाम अंगासरशी, अरुंद ठेवलेले असतात.

भारतीय पावले याहून वेगळी आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली. भारतीयांची पावले सर्वसाधारणपणे युरोपीय आणि अमेरिकी लोकांपेक्षा रुंद असल्याचे त्यात दिसून आले. त्यावरूनच ‘भा’ या नावाच्या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. त्यामुळे बूट बसत नाही म्हणून ‘आपलाच पाय वाकडा’ असे वाटून घेण्याचे कारण नाही. साचाच दुसऱ्या पायासाठी बनलेला असतो.

याशिवाय सपाट तळवा, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येणे, वाढते वय आणि वजन यांमुळेही चवडा रुंदावतो. विशीत घेतलेले माप पंचेचाळिशीत उपयोगी पडेलच असे नाही.

एक नंबर मोठा घेतला तर काय बिघडते?

बुटाचा नंबर हा मुळात लांबीचा असतो. युरोपीय पद्धतीत एक नंबर वाढला की लांबी ६.६७ मिलिमीटरने वाढते. भारतात रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत साधारण ८.५ मिलिमीटरने. रुंदी मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. युरोपीय पद्धतीत एका नंबरामागे चवड्याचा घेर साधारण ५ मिलिमीटर वाढतो. समजा, एखाद्याला घेरात १५ मिलिमीटर जास्त जागा हवी आहे. ती नंबर वाढवून मिळवायची तर तीन नंबर चढावे लागतील आणि बूट तब्बल दोन सेंटिमीटर लांब होईल.

या दोन सेंटिमीटरची किंमत मोठी आहे. घोट्याच्या हाडावर बसायला हवी ती कडक वाटी भलतीकडे सरकते. बूट जिथे वाकतो ती रेघ आणि बोटे जिथे वाकतात ती जागा यांचा मेळ राहत नाही. टाच आत वर-खाली होते आणि फोड येतात. लांबलेले टोक गिअर लिव्हरखाली अडकते. गिअर अर्धवट पडतो किंवा ऐन वेळी गाडी न्यूट्रलमध्ये येते. सगळ्यात गंभीर म्हणजे, घसरत जाताना सैल बूट पायातून निघूनच जाऊ शकतो. मग उरलेले अंतर उघडे पाऊल रस्त्यावर घासत जाते. अर्धा नंबर इकडे-तिकडे चालतो. त्यापुढे नंबर वाढवण्याऐवजी बूटच बदलावा.

माप कसे घ्यावे?

नंबर पाठ असला तरी माप पुन्हा घ्यावे. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून संध्याकाळची वेळ चांगली. गाडी चालवताना घालणार तेच मोजे घालावेत. जमिनीवर कागद ठेवून त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहावे आणि दुसऱ्याकडून पेन्सिल उभी धरून पावलाची कड आखून घ्यावी. बसून घेतलेले माप कमी भरते, कारण वजन पडल्यावरच चवडा पसरतो.

आता तीन मापे घ्यावीत. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत, म्हणजे चवड्याच्या सर्वांत रुंद जागेची रुंदी. आणि त्याच जागी शिंप्याची टेप गुंडाळून घेर. दोन्ही पायांची मापे घ्यावीत, कारण ती क्वचितच सारखी असतात. मोठे भरेल ते धरावे. पोटरी जाड असेल तर तिचाही घेर मोजावा. उंच बूट अनेकदा पावलात बसतात आणि चेन पोटरीपाशी अडते.

काही अमेरिकी उत्पादक रुंदी अक्षरांत देतात. पुरुषांच्या बुटांत ‘डी’ म्हणजे नेहमीची रुंदी, ‘टू-ई’ म्हणजे रुंद आणि ‘फोर-ई’ म्हणजे अतिरुंद. बहुतेक युरोपीय आणि भारतीय रायडिंग बुटांवर असे अक्षर नसते. तिथे कंपनीचा तक्ता सेंटिमीटरमध्ये पाहावा आणि रुंदी दिलेली नसेल तर विक्रेत्याला ती थेट विचारावी.

बूट खरोखर संरक्षक आहे, हे कसे ओळखावे?

आराम मिळतो म्हणून कोणताही ऐसपैस बूट घेणे हे दुसरे टोक झाले. मोटरसायकलच्या बुटांसाठी ‘ईएन १३६३४’ हे युरोपीय मानक आहे. बुटाच्या जिभेवर किंवा आतल्या बाजूला मोटरसायकलस्वाराचे छोटे चित्र आणि त्याजवळ चार आकडे छापलेले असतात. प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो. २ म्हणजे वरची पातळी. पहिला आकडा बुटाची उंची सांगतो. दुसरा घासण्याला, तिसरा कापले जाण्याला आणि चौथा दोन्ही बाजूंनी चिरडले जाण्याला बूट किती तोंड देतो, ते सांगतो.

रुंद पावलांसाठी चौथा आकडा विशेष महत्त्वाचा. रुंद जागा देण्यासाठी बूट मऊ आणि लवचीक केला असेल, तर तो गाडीखाली सापडल्यावर पावलासकट दबू शकतो. चौथ्या जागी २ असलेला बूट आडव्या दाबाला अधिक टिकतो. त्यापुढे ‘आयपीए’ ही अक्षरे असतील तर घोट्याजवळचे कवच तपासलेले आहे, ‘आयपीएस’ असेल तर नडगीजवळचे आणि ‘डब्ल्यूआर’ असेल तर पाणी रोखण्याची चाचणी झालेली आहे. नुसते ‘सीई’ लिहिलेले आणि बाकी काहीच नसेल, तर प्रमाणपत्र मागावे.

कोणती बांधणी सोयीची?

अस्सल चामडे वापराने रुंदीत थोडे सैलावते. मायक्रोफायबर फारसे ताणले जात नाही आणि रेसिंग बुटांचे कडक प्लास्टिकचे कवच अजिबात नाही. त्यामुळे चामड्याचा बूट दुकानात जरासा घट्ट असला तरी चालेल. पण कृत्रिम कापडाचा किंवा कवचाचा बूट पहिल्याच दिवशी नीट बसायला हवा. पाणी रोखणारा पडदाही आत जागा खातो. एकाच मॉडेलचा जलरोधक आणि हवेशीर असे दोन प्रकार मिळत असतील, तर हवेशीर प्रकार रुंद पावलाला अनेकदा बरा बसतो. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यातही तोच सोसवतो. पावसाळ्यासाठी वरून घालायची वेगळी आवरणे मिळतात.

बंद करण्याची पद्धतही पाहावी. नुसती चेन असलेल्या बुटात रुंदी ठरलेली असते. बकल, वेल्क्रो किंवा फिरवून आवळायची चकती असेल तर चवड्यावर सैल आणि घोट्यावर घट्ट अशी वेगवेगळी बसवण करता येते. नाडीचे बूटही यासाठी चांगले, मात्र नाडी झाकणारी पट्टी हवी. मोकळी नाडी गिअर लिव्हर किंवा फूटरेस्टमध्ये अडकली तर सिग्नलला पाय टेकता येत नाही आणि उभ्या गाडीसकट माणूस पडतो. बुटाचे टोक टोकदारऐवजी गोलसर असावे. ढोबळमानाने टूरिंग आणि अ‍ॅडव्हेंचर प्रकारचे बूट रेसिंग बुटांपेक्षा ऐसपैस असतात.

दुकानात काय तपासावे?

बूट घालून पूर्ण बंद करावा आणि निदान १५-२० मिनिटे पायात ठेवावा. पुढे बोटांना साधारण एक सेंटिमीटर जागा असावी. करंगळीला मुंग्या आल्या किंवा चवड्याच्या कडेला टोचले, तर ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर बूट घेऊ नये. चालताना टाच उचलली जाता कामा नये. घोट्याचे हाड कवचाच्या वाटीच्या मधोमध येते का, हे वरून चाचपून पाहावे. बंद केलेला बूट दुसऱ्याला टाचेकडून ओढायला सांगावे; तो निघत असेल तर अपघातातही निघेल.

मग गाडीवर बसून पाहावे. पाय गिअर लिव्हरखाली सहज जातो का, उजव्या पायाचा रुंद तळ मागच्या ब्रेकवर नकळत टेकून तर राहत नाही ना, हे तपासणे आवश्यक आहे. जाड टोकासाठी बऱ्याच गाड्यांच्या गिअर लिव्हरची उंची मेकॅनिककडून जुळवून घेता येते. ऑनलाइन खरेदी असेल तर बदलून देण्याच्या अटी आधी वाचाव्यात आणि पहिले दोन-तीन दिवस बूट घरातच, स्वच्छ फरशीवर वापरावा.

घट्ट बूट सैल करून घेता येतो का?

चामड्याचा, साधे अस्तर असलेला बूट कारागीर साच्यावर ताणून चवड्याशी काही मिलिमीटर रुंद करून देऊ शकतो. लांबी मात्र वाढत नाही. जलरोधक पडदा किंवा कडक कवच असलेल्या बुटाला ताण अथवा उष्णता दिल्यास शिवण आणि पडदा फाटण्याचा धोका असतो. मूळ आतला तळवा जाड असेल तर पातळ तळवा घालून वरच्या बाजूने जागा मिळवणे हा सोपा उपाय आहे. कवच काढून टाकणे किंवा कडेला चीर देणे हे मात्र बूट न घालण्यासारखेच.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर ‘चावत नाही’ यावर विसंबता येत नाही. अशांनी बूट निवडण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि प्रत्येक प्रवासानंतर पावले तपासावीत.

सेफ्टी शूज किंवा ट्रेकिंगचे बूट चालतील का?

भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्याचे सेफ्टी शूज घालूनच अनेक जण दुचाकीवरून ये-जा करतात. हे शूज बरेचदा रुंद आणि स्वस्त असतात. त्यांची पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसण्यासाठी तपासलेली असते, पण ती चाचणी वरून पडणाऱ्या वस्तूसाठी आहे. घोटा पिरगळणे आणि रस्त्यावर घासले जाणे यांसाठी हे शूज बनवलेले नसतात आणि कडक टोपीमुळे गिअर लिव्हर पायाला जाणवत नाही. ट्रेकिंगचे उंच बूट घोट्याला थोडा आधार देतात. मात्र त्यांच्या नाड्या आतल्या बाजूला खोचलेल्या असाव्यात.

रोजच्या शहरी प्रवासासाठी घोटा झाकणारे, घट्ट बसणारे असे बूट चपलांपेक्षा कितीतरी चांगले. महामार्ग आणि घाटासाठी प्रमाणित रायडिंग बूटच हवा. खर्चाची मर्यादा असेल तर बारीक फरकांच्या सोयी सोडाव्यात, पण रुंदी, घोट्याचे कवच आणि चौथा आकडा या तीन बाबींवर तडजोड करू नये. बूट पायात राहिला, तरच त्याच्या संरक्षणाचा उपयोग.